ट्युडरकालीन डिटेक्टिव्ह कादंबऱ्या: एवढं काय आहे त्यात?

शाईचा_डाग
सी. जे. सॅन्सम यांची मॅथ्यू शार्डलेक मालिका इथे कुणी कुणी वाचलीये? सात कादंबऱ्या आहेत, पहिली २००३ ला आली, शेवटची २०१८ ला. मी सध्या चौथीत आहे, तेव्हा कृपा करून पुढचे खुनी फोडू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्युडर म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडवर राज्य करणारं घराणं. नायक लंडनमधल्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतला वकील, पाठीला कुबड, घोड्यावर जास्त वेळ बसलं की कळा येतात, रस्त्यात पोरंसोरं चिडवतात. पहिल्या भागात १५३७ साल आहे, आठव्या हेन्रीचा उजवा हात थॉमस क्रॉमवेल त्याला ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका मठात पाठवतो, कारण राजाने पोपशी संबंध तोडून कॅथलिक मठ बंद करायला घेतलेत आणि त्या कामावर गेलेल्या सरकारी कमिशनरचाच तिथे मुडदा पडलाय.

आता माझा प्रश्न. त्या काळात सरकारच इतकी माणसं मारत होतं (१५३५ ला राजाचा माजी मंत्री थॉमस मोर, १५३६ ला राणी ॲन बोलीन, १५४० ला खुद्द क्रॉमवेल) की एका खुनाचा छडा लावायला निघालेला माणूस खरं तर येडाच वाटायला हवा. तरी मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचतेय. का?

माझं मत असं की इथे डिटेक्टिव्हचा साहेब खुन्यापेक्षा डेंजर असतो. होम्सला कधी भीती नव्हती की केस सुटली नाही तर व्हिक्टोरिया राणी आपलं मुंडकं पुलावर टांगेल. इथे खुनी सापडला नाही तरी पंचाईत, आणि नको तो सापडला तर त्याहून मोठी पंचाईत. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज
चहा टाकलाय. खडूस काका यायची वाट बघतोय.

निशाचर७
मला तर साधं कारण वाटतं. मोबाईल नाही, सीसीटीव्ही नाही, डीएनए नाही. हल्लीच्या सीरीजमध्ये लोकेशन काढलं, कॉल रेकॉर्ड मागवले की अर्धी केस तिथेच संपते, मग उरलेले एपिसोड इन्स्पेक्टरच्या घटस्फोटावर काढतात. इथे लंडनहून यॉर्कला निरोप जायलाच काही दिवस, तोवर साक्षीदार मेला तरी पत्ता नाही. डोकं लढवण्याशिवाय पर्याय नाही म्हणून मजा येते.

खडूस_काका
आलो. चहा ठेवा.

निशाचर, ही लेखकाची पळवाट आहे. आजच्या काळातली केस बांधायला फॉरेन्सिकचा अभ्यास करावा लागतो, तो टाळायचा म्हणून मेणबत्त्या लावल्या आणि चारशे पाचशे वर्षं मागे गेले. आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, या सगळ्या ऐतिहासिक डिटेक्टिव्हांना बाकी पात्रं सोळाव्या शतकातली असताना स्वतः मात्र एकविसाव्या शतकात जन्मायचा परवाना असतो. छळाचा तिटकारा, बायकांबद्दल आदर, परधर्मीयांबद्दल सहिष्णू, नोकरांशी बरोबरीने बोलणार, वर रोज अंग धुणार. म्हणजे रविवारची पुरवणी वाचणारा माणूस उचलून त्याला डगला घातला, झाला ट्युडर. आणि गोष्टी तरी कुणाच्या, तर राजा, राणी, सरदार, बिशप. सामान्य माणूस फक्त गटारात पडून मरायला.

काळाकोट
वकील असल्याने एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा कायदा नव्हता, नुसती मनमानी होती असं बऱ्याच लोकांना वाटतं. उलट कायदा ढिगाने होता, आणि या कादंबऱ्यांची खरी गंमत मला त्यातच वाटते.

कोरोनर हे पद इंग्लंडात ११९४ पासून आहे. (आपल्या मुंबईत ते इंग्रजांबरोबर आलं आणि पार १९९० च्या दशकापर्यंत टिकलं.) संशयास्पद मृत्यू झाला की त्याने आसपासच्या लोकांची ज्युरी जमवायची, सगळ्यांनी प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, जखम किती लांब किती खोल ते लिहायचं, हत्याराची किंमतसुद्धा लिहायची कारण ते सरकारजमा व्हायचं. म्हणजे तपासाचं कागदपत्र आजच्या पंचनाम्याला लाजवेल असं. पण नंतर खटला उभा राहिला की खुनाच्या आरोपीला बाजू मांडायला वकील नाही, आणि खटला काही मिनिटांत उरकायचा.

त्यात आरोपीने दोषी किंवा निर्दोष असं काहीतरी म्हटल्याशिवाय खटला चालवताच येत नसे. गप्प बसलात तर आडवं पाडून अंगावर वजनं ठेवत जायचे. तरी न बोलता मेलात तर तुम्ही दोषी ठरलेला नसता, म्हणून मालमत्ता घरच्यांकडे राहायची! यॉर्कची मार्गारेट क्लिदरो १५८६ ला अशीच गेली, गुन्हा काय तर कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवलं. खटला चालला तर पोटच्या मुलांना साक्षीला उभं करतील म्हणून ती बोललीच नाही. सॅन्समच्या दुसऱ्या भागाची सुरुवात याच मुद्द्यावर आहे, एक मुलगी कोर्टात तोंडच उघडत नाही आणि शार्डलेककडे तिला बोलतं करायला मोजके दिवस असतात. (हे पहिल्या काही पानांतच येतं, स्पॉयलर म्हणू नका.)

उलट बाजूला बेन जॉन्सन नाटककार. त्याने १५९८ ला द्वंद्वात एका नटाला ठार मारलं, पण लॅटिन वाचता येत होतं म्हणून फासावरून सुटला, फक्त अंगठ्यावर डाग दिला. पूर्वी पाद्र्यांसाठी असलेली सवलत, ती नंतर वाचता येणाऱ्या कुणालाही मिळायला लागली. वाचायचं काय तेही बहुतेक वेळा ठरलेलं, ५१ व्या स्तोत्राची ओळ. पाठ करून ठेवली तरी गळा वाचला.

निशाचर७
@काळाकोट, बाप रे. म्हणजे साक्षरतेचा इतका रोकडा फायदा दुसरा नसेल.

थेम्सकाठची
काकांच्या अंघोळीच्या मुद्द्यावर माझ्याकडे पुरावा आहे. पोर्ट्समथला मेरी रोझ जहाजाचं म्युझियम आहे, हेन्रीचं लाडकं जहाज, १९ जुलै १५४५ ला फ्रेंचांशी लढताना किनाऱ्यापासून जवळच बुडालं, १९८२ ला वर काढलं. त्यात सापडलेल्या लाकडी फण्या बघा, काहींच्या दातांत अजून उवा आहेत. शिवाय शल्यवैद्याची पेटी, त्यात मलमांच्या डब्या, ती धातूची पिचकारी कशासाठी होती ते विचारू नका. एका छोट्या कुत्र्याचा सांगाडाही आहे. लंडनपासून ट्रेनने दोन तासांच्या आत पोचता, जमलं तर जाच. शाईचा_डाग, पाचवा भाग याच जहाजापर्यंत जातो, एवढंच सांगते.

आणि सामान्य माणसाबद्दल, काका शेवटचा भाग बघा. १५४९ चं केटचं बंड आहे त्यात. जमीनदारांनी सामायिक कुरणांना कुंपणं घालून मेंढ्या सोडल्या, वर नाण्यातली चांदी कमी करत नेल्याने महागाई भडकली, शेवटी हजारो शेतकऱ्यांनी नॉरिचबाहेरच्या माळावर तळ ठोकला आणि शहरच ताब्यात घेतलं. रॉबर्ट केट स्वतः बऱ्यापैकी जमीनदार, तरी त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्याला नॉरिचच्या किल्ल्यावरून साखळ्यांनी लटकवला. कादंबरीत खून आहे पण मला शेवटी खुनी कोण त्यापेक्षा तो तळच आठवतो, तिथली शिस्त, तिथली न्यायसभा, रोजचं जेवण कुठून येतं ते.

खडूस_काका
म्हणजे तुम्हीच म्हणताय की खून नसता तरी चाललं असतं. मग सरळ ऐतिहासिक कादंबरी वाचा ना, मध्ये मुडदा कशाला?

थेम्सकाठची
कारण मुडदा नसता तर पाद्री, सरदार, खाटीक, वेश्या, राणी या सगळ्यांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायचा हक्क कुणाला असता? डिटेक्टिव्हच फक्त सगळ्या मजल्यांवर जाऊ शकतो.

चहाबाज
आणि पोस्टमन.

भाकरतुकडा
मी फक्त खाण्यासाठी वाचते, हसू नका. बटाटा नाही, टोमॅटो नाही, काटा नाही, सुरी आपली आपण न्यायची. शुक्रवारी मासे खाल्ले की नाही यावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट ते लोक ताडायचे. एका ताटातल्या जेवणावर तपास करता येईल असा दुसरा काळ सांगा.

रिकामटेकडा_दादा
हा क्रॉमवेल म्हणजे राजाचं डोकं उडवणारा तोच ना?

थेम्सकाठची
नाही हो दादा. तो ऑलिव्हर, शंभरेक वर्षांनंतरचा, थॉमसच्या बहिणीच्या वंशातला. या थॉमसचं स्वतःचंच डोकं उडालं, आणि त्याच दिवशी, २८ जुलै १५४० ला, राजाने पाचवं लग्न केलं.

रच्याकने, थॉमस क्रॉमवेल ग्रेज इनचा सदस्य होता. एलिझाबेथचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅमही तिथलाच. आणि आपले बाबासाहेब बॅरिस्टर झाले तेही ग्रेज इनमधूनच. दुपारच्या सुट्टीत त्या बागेत बसलं की मला हे हमखास आठवतं.

जुनापुराणा
क्रॉमवेलचं काय करायचं हा माझा कायमचा घोळ आहे. हिलरी मँटेलच्या कादंबऱ्या वाचल्या की तो लोहाराचा पोरगा आपला वाटायला लागतो, सॅन्सम वाचलं की त्याच्या खोलीत जायची भीती वाटते. आणि कागदावरचा क्रॉमवेल बघा तर १५३८ ला त्याने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला. निशाचर डेटा नव्हता म्हणतोय, तर हा घ्या डेटा, लोकांना तेव्हाच संशय आला होता की हे नव्या कराचं लफडं असणार.

अर्धाकप
खऱ्या केसेसवर कुणीच कसं बोलत नाहीये? एमी रॉबसार्ट!! ८ सप्टेंबर १५६०, ऑक्सफर्डजवळ कमनर गावचा वाडा. एमीचा नवरा रॉबर्ट डडली, म्हणजे एलिझाबेथ राणी ज्याच्याशी लग्न करणार अशी अख्ख्या युरोपात कुजबुज होती तो. तो विंडसरला राणीजवळ. एमीने त्या दिवशी नोकरांना हट्टाने जत्रेला पाठवलं, संध्याकाळी परत येतात तर बाई जिन्याखाली, मान मोडलेली. ज्युरीने अपघात म्हणून निकाल दिला. कोरोनरचा तो कागद कित्येक वर्षं कुणाच्या हाती नव्हता, २००८ ला सापडला, आणि त्यात डोक्यावर दोन जखमा नोंदवलेल्या आहेत, एक बऱ्यापैकी खोल.

आता थिअऱ्या. डडलीने मारलं म्हणावं तर तोटा त्याचाच झाला, त्या संशयानंतर राणी त्याच्याशी लग्न करूच शकत नव्हती. राणीचा मंत्री सेसिलला हे लग्न नको होतं, म्हणजे फायदा त्याचा. आत्महत्या म्हणावी तर घर रिकामं करण्याचा अर्थ लागतो. आणि आजारी असेल, हाडं ठिसूळ झाली असतील तर साधा अपघातही शक्य आहे. माझं मत सेसिल. पुरावा शून्य, पण चेहरा बघा त्याचा चित्रात.

काळाकोट
चेहऱ्यावरून शिक्षा, तुम्ही ट्युडर ज्युरीत अगदी फिट बसाल. :)

दोन जखमांवरून खून म्हणता येत नाही, दगडी जिन्याच्या कडा लागू शकतात. पण मला खटकतं ते दुसरंच, निकाल द्यायला ज्युरीने जवळपास वर्ष घेतलं.

खडूस_काका
आता कसं बोललात. हेच मी म्हणतोय, खऱ्या गोष्टी इतक्या जबर असताना बनावट कशाला हव्यात? नाटककार ख्रिस्तोफर मार्लो घ्या. ३० मे १५९३, डेप्टफर्ड, एलिनर बुल नावाच्या बाईचं घर. दिवसभर चार जण एकत्र, जेवले, बागेत फिरले, संध्याकाळी म्हणे बिलावरून भांडण झालं आणि इन्ग्रम फ्रायझरने त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर खंजीर खुपसला. जखम दोन इंच खोल, एक इंच रुंद, खंजिराची किंमत बारा पेन्स, सगळं कोरोनरच्या कागदात. हा कागद १९२५ साली उजेडात आला. खोलीतल्या बाकी तिघांपैकी एक वॉल्सिंगहॅमचा जुना हेर, दोघं फसवणुकीच्या धंद्यातले. साक्षीदार तेच. महिन्याभरात फ्रायझरला राणीची माफी. मार्लोवर तेव्हा नास्तिकपणाच्या आरोपांची चौकशी चालू होती. यात कुठल्या लेखकाने काय भर घालायची?

पानपिसारा
काका, तुम्ही या धाग्यावरची सगळ्यात चांगली डिटेक्टिव्ह कथा सांगितलीत आणि वर म्हणताय आवडत नाही.

अर्धाकप
+१. आणि एलिझाबेथला मारून मेरीला गादीवर बसवायच्या बॅबिंग्टन कटाचं काय, तिथे तर तपास करणाऱ्यांनीच सापळा लावला. १५८६, स्कॉटलंडची मेरी कैदेत, तिची पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचात लपवून आत बाहेर. मेरीला वाटतं गुप्त मार्ग सापडला, मुळात तो मार्ग वॉल्सिंगहॅमनेच उघडून दिलेला. फेलिप्स नावाचा माणूस प्रत्येक पत्राची सांकेतिक लिपी सोडवतो, आणि घातक पत्र हाती आल्यावर त्याच्या नकलेवर फासाची खूण काढतो. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून मेरीच्या नावाने खाली दोन ओळी स्वतःच घुसडतो, की मारेकऱ्यांची नावं कळवा. फेब्रुवारी १५८७ ला मेरी गेली.

मांडवीपार
गोव्यातून लिहितोय. इतका वेळ नुसता वाचत होतो पण आता राहवत नाही, कारण या काळाचा एक धागा सरळ आमच्या दारात येतो.

फादर स्टीफन्स आपल्याला क्रिस्तपुराणामुळे माहीत. हा माणूस अस्सल ट्युडर, विल्टशरचा, १५४९ च्या आसपासचा जन्म. कॅथलिक, म्हणून देश सोडला, रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक पंथाचा पाद्री झाला आणि १५७९ ला गोव्यात उतरला. मायदेशी थांबला असता तर? त्याच्याच पंथाच्या एडमंड कॅम्पियनला १५८१ ला लंडनमध्ये फाशी देऊन चिरला.

आता पुढचं बघा. १५८३ ला लंडनहून टायगर जहाजाने निघालेले काही इंग्रज, न्यूबेरी आणि फिच हे व्यापारी, लीड्स जवाहिऱ्या आणि स्टोरी नावाचा चित्रकार, हॉर्मुझला पोर्तुगीजांच्या हाती सापडले आणि हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात आले. न्यूबेरीजवळ एलिझाबेथ राणीचं अकबराच्या नावचं पत्र! त्यांना जामिनावर सोडवायला खटपट कुणी केली, तर फादर स्टीफन्सने. म्हणजे ज्या राणीच्या राज्यात तो देशद्रोही ठरला असता तिच्याच माणसांना. चित्रकार जेझुइटांच्या चर्चची चित्रं काढायला राहिला, बाकीचे १५८४ ला जामीन मोडून पळाले, बेळगावावरून विजापूर, तिथून गोवळकोंडा, पुढे थेट अकबराकडे. फिच १५९१ ला घरी पोचला, न्यूबेरी वाटेतच कुठेतरी हरवला.

आणि गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून चालू. एका ठिकाणी श्रद्धेपायी मारतील म्हणून निघालेला माणूस जिथे येतो तिथे दुसऱ्यांना श्रद्धेपायी धरून नेतायत. यात एक खून टाकला की झाली की ट्युडर रहस्यकथा तयार.

निशाचर७
अंगावर काटा. खून कुणाचा पण?

मांडवीपार
त्यांच्याविरुद्ध चहाडी करणारा एक इटालियन व्यापारी होता, मायकेल स्ट्रोपेने. खऱ्या इतिहासात त्याला कुणी मारला नाही. माझ्या गोष्टीत तो पहिल्या प्रकरणात जाईल.

चहाबाज
आणि तपास स्टीफन्स करणार, ओवीबद्ध.

रिकामटेकडा_दादा
त्यापेक्षा रामशास्त्री प्रभुण्यांवर लिहा की कुणीतरी. राजाच खुनात अडकलेला, हे तर आपल्याकडेच आहे.

काळाकोट
दादा, विषय चांगलाय पण वेगळा धागा काढा, इथे पेशवाई आली की दोनशे प्रतिसाद भांडणाचे होतील आणि शार्डलेक बिचारा कोपऱ्यात.

पानपिसारा
मूळ प्रश्नाकडे येते, कारण शाईचा_डागने विचारलेलं मला वरच्या उत्तरांत पूर्ण सापडलं नाही.

रहस्यकथा लिहिणाऱ्याची मोठी अडचण म्हणजे संशयित. दहा पात्रांतला खुनी एकच, पण बाकीच्या नऊ जणांनीही काहीतरी लपवलं पाहिजे, नाहीतर वाचक तिसऱ्या पानावर ओळखेल. मग लेखक बिचारा कुणाला जुगाराचं कर्ज देतो, कुणाला लफडं देतो, आणि ते सगळं चिकटवल्यासारखं दिसतं. ट्युडर काळात हे फुकट मिळतं. तिथे प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच, कारण काल जे पुण्य होतं ते आज गुन्हा आहे आणि परवा परत पुण्य होणार आहे. टिंडेलचा इंग्रजी नवा करार १५२६ ला छापला तेव्हा कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून आणावा लागे, सापडला तर जाळत. १५३६ ला टिंडेललाही मारलं. आणि १५३८ ला इंग्रजी बायबल प्रत्येक चर्चमध्ये ठेवायचा हुकूम, १५३९ ला राजाच्या परवानगीचं बायबल छापून आलं, त्यातला बराच मजकूर टिंडेलचाच! त्याच वर्षी पाद्र्यांच्या लग्नावर बंदीचा कायदा आला, आणि खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपची, क्रॅनमरची, जर्मन बायको होती. घाईघाईने माहेरी पाठवली तिला.

तर अशा ठिकाणी शार्डलेक कुणाला विचारतो की काल रात्री तू कुठे होतास, तर समोरचा घाबरतोच. तो खुनी म्हणून घाबरला, की पलंगाखाली संताचं हाड लपवलंय म्हणून, की पुस्तक लपवलंय म्हणून, हे ओळखणं म्हणजे तपास. आणि खुन्याला शोधता शोधता तो चार निरपराध माणसांची गुपितं क्रॉमवेलच्या हातात देऊ शकतो. मला पुस्तक खाली ठेवता येत नाही ते यामुळे. खुनी सापडावा असं वाटतं, आणि बाकी काही सापडू नये असंही.

३० जुलै १५४० ला स्मिथफील्डला सहा जण मारले. तीन प्रोटेस्टंट पाखंडी म्हणून जाळले, तीन कॅथलिक देशद्रोही म्हणून फाशी देऊन चिरले. नेताना एकेका फरफटत्या पाटीवर दोन्हीकडचा एक एक असा जोडीने बांधला होता. म्हणजे मधोमध उभं राहायचं तर कुठे?

शाईचा_डाग
पानपिसारा, हे भारीच. मी साहेबाच्या भीतीवर अडकले होते. पण दोन्ही एकच आहे का मग? साहेबाची भीती नसती तर गुपितांनाही किंमत नसती ना.

पानपिसारा
नाही, साहेब बदलला तरी गुपितं राहतात. शार्डलेकचा पुढे साहेब बदलतोच.

शाईचा_डाग
ए, स्पॉयलर!

थेम्सकाठची
क्रॉमवेल १५४० ला मेला हे इतिहासात लिहिलंय गं, त्याला स्पॉयलर म्हणू नये.

खडूस_काका
पानपिसारा यांचा मुद्दा मान्य. माझा डगल्याचा आक्षेप तरी शिल्लक आहे, नायक एवढा समजूतदार कसा याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

काळाकोट
पहिल्या भागात नाहीये हो तो समजूतदार. क्रॉमवेलचा भक्त आहे, मठ बंद झालेच पाहिजेत म्हणणारा, भिक्षूंशी तिरसटपणे वागतो, सोबतच्या पोराच्या देखणेपणावर जळतो. चांगला होतो तो मार खाऊन, तेही सावकाश. क्रमानेच वाचा.

भाकरतुकडा
२०२४ मध्ये चार भागांची टीव्ही मालिका पण आली याच्यावर, शॉन बीन क्रॉमवेल. प्रसारणाच्या काही दिवस आधीच सॅन्सम गेले. आधी पुस्तक वाचा मग बघा, मालिकेत जेवण फार कमी दाखवलंय.

खडूस_काका
बरं, पहिला भाग मागवलाय. मुडदा साधारण कितव्या पानावर पडतो तेवढं सांगा, त्याआधी मला झोप लागते.

शाईचा_डाग
काका, तुम्ही पोचायच्या आधीच पडलेला असतो.